विश्लेषण : फोटो काढला म्हणजे विकता येतो? लेखी संमती नेमकी कधी लागते?

गावातल्याच एका छायाचित्रकाराने एका महिलेचा फोटो काढला आणि तो ‘शटरस्टॉक’ या अमेरिकी संकेतस्थळावर चढवला. पुढे तोच चेहरा केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाच्या, महाराष्ट्रासह चार राज्य सरकारांच्या आणि एका राजकीय पक्षाच्याही जाहिरातींत झळकला. हे सारे आपल्या नकळत घडले, असे सांगत ती महिला मुंबई उच्च न्यायालयात गेली. मार्च २०२५ मध्ये न्या. गिरीश कुलकर्णी आणि न्या. अद्वैत सेठना यांच्या खंडपीठाने हा प्रकार सकृद्दर्शनी महिलेच्या छायाचित्राचा व्यावसायिक गैरवापर असल्याचे नमूद केले. समाजमाध्यमांच्या काळात हे मुद्दे गंभीर असल्याचे सांगून सर्व संबंधितांना नोटिसा बजावण्यात आल्या. प्रत्येक हातात कॅमेरा असण्याच्या आणि कुठलाही फोटो चार क्लिकमध्ये विक्रीला ठेवता येण्याच्या दिवसांत हा प्रश्न एका गावापुरता राहत नाही. फोटो कोणाचा, चेहरा कोणाचा आणि सही कोणाची घ्यायची?

हक्क एक नव्हे, दोन

बहुतेक गोंधळ इथेच होतो. छायाचित्रात दोन वेगवेगळे हक्क गुंतलेले असतात. पहिला छायाचित्रावरचा स्वामित्व हक्क, म्हणजे कॉपीराइट. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती. फोटोत कोण आहे याला तिथे महत्त्व नाही. दुसरा हक्क फोटोतल्या माणसाचा : आपला चेहरा कोणी, कुठे आणि कशासाठी वापरावा हे ठरवण्याचा. छायाचित्रकार पहिला हक्क विकू शकतो. दुसरा त्याच्याकडे नसतोच. तो मिळवण्याचा कागद म्हणजे ‘मॉडेल रिलीज’, आपल्या भाषेत संमतीपत्र.

या दोहोंतला फरक २००७च्या एका प्रकरणाने जगाला दाखवून दिला. अमेरिकेतील डॅलसजवळच्या एका किशोरवयीन मुलीचा फोटो ओळखीच्या माणसाने ‘फ्लिकर’वर टाकला. टाकताना ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवाना निवडला, म्हणजे श्रेय देऊन कोणीही, अगदी व्यापारी कामासाठीही, वापरावा अशी मुभा दिली. ऑस्ट्रेलियातील व्हर्जिन मोबाइलने तो उचलून जाहिरातीत वापरला. छायाचित्रकाराची परवानगी होती, परवान्याच्या रूपाने. मुलीची नव्हती, तिच्या आईवडिलांचीही नव्हती. तिच्या कुटुंबाने टेक्सासमध्ये दावा लावला. ऑस्ट्रेलियन कंपनी आपल्या अधिकारक्षेत्रात येत नाही, या कारणावरून न्यायालयाने २००९ मध्ये तो फेटाळला. आपल्याकडच्या प्रकरणातही संकेतस्थळ अमेरिकेतले, फोटो इथला आणि वापरणारे चार राज्यांत, ही गुंतागुंत आहेच.

फोटो काढण्यासाठी नव्हे, वापरण्यासाठी

सार्वजनिक रस्त्यावर, जत्रेत, मोर्चात फोटो काढायला सर्वसाधारणपणे कोणाची लेखी परवानगी लागत नाही. संमतीचा प्रश्न येतो तो फोटो पुढे कुठे जातो त्यावर. एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. आषाढी वारीत दिवेघाट चढणारी, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एक वारकरी आजी. असे हजारो फोटो दर वर्षी निघतात.

दुसऱ्या दिवशी तो दैनिकाच्या पहिल्या पानावर आला, तर सही लागत नाही. ती बातमी आहे. दिवाळी अंकातल्या वारीवरील लेखासोबत आला, तरी नाही. हाच फोटो एखाद्या सहकारी बँकेने आपल्या दिनदर्शिकेवर ‘विश्वासाची वाट’ असे काही लिहून छापला, तर लागते. सांधेदुखीच्या मलमाच्या वेष्टनावर आला, तर लागतेच. संस्थेने देणग्या मागणाऱ्या पत्रकावर लावला, तरी लागते. उद्देश भला असला म्हणून आवाहनाचे स्वरूप बदलत नाही. पर्यटन खात्याच्या फलकावर आणि निवडणुकीच्या पत्रकावरही तेच. सरकारने वापरला म्हणजे तो आपोआप ‘जनहितार्थ’ ठरतो ही समजूत चुकीची आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयापुढचे प्रकरण मुळात याच समजुतीतून उभे राहिलेले दिसते.

इथे ‘व्यावसायिक वापर’ हा शब्द फसवा आहे. अनेकांना वाटते की पैसे मिळाले की व्यावसायिक. तसे नाही. वृत्तपत्राला फोटो विकला तर छायाचित्रकाराला मानधन मिळते, वृत्तपत्रही विकले जाते, तरी तो संपादकीय वापर. उलट, फुकट दिलेला फोटो संस्थेच्या प्रचारफलकावर गेला की तो या अर्थाने व्यावसायिक. पैसा ही कसोटीच नव्हे. फोटोतली व्यक्ती एखादे उत्पादन, योजना, पक्ष किंवा विचार यांच्या पाठीशी उभी आहे असे पाहणाऱ्याला वाटते का, हा खरा प्रश्न. वाटत असेल, तर त्या व्यक्तीला विचारायला हवे होते.

म्हणूनच शटरस्टॉक, गेटी इमेजेस, अडोबी स्टॉक यांसारख्या फोटोसंग्रहांनी दोन कप्पे केले आहेत. ओळखू येणारी व्यक्ती आहे आणि सही केलेले संमतीपत्र जोडले आहे, तर फोटो जाहिरातीसाठीही विकता येतो. संमतीपत्र नसेल, तर ‘फक्त संपादकीय वापरासाठी’ असा शिक्का मारून तो वेगळा ठेवला जातो. हे संग्रह फोटो स्वीकारताना छायाचित्रकाराकडून हमीही घेतात, की आवश्यक त्या संमती माझ्याकडे आहेत आणि वाद झाल्यास जबाबदारी माझी. मोबाइलवर ‘मान्य आहे’ दाबताना हे कलम कितीजण वाचतात, हा प्रश्नच आहे. डॉलरमधल्या किरकोळ मोबदल्यासाठी गावाकडचा छायाचित्रकार किती मोठी जोखीम अंगावर घेतो, हे त्याला बहुधा नोटीस आल्यावर कळते.

‘ओळखू येणारी’ म्हणजे फक्त चेहरा दिसणारी नव्हे. पाठमोऱ्या पैलवानाच्या दंडावरचे गोंदण, विशिष्ट दुकानासमोरची विशिष्ट खुर्ची, गावात एकाच माणसाकडे असलेला फेटा. ज्याला तो माणूस माहीत आहे तो ओळखतो, आणि मोठे फोटोसंग्रह सावलीसारख्या आकृतीसाठीही कधी कधी संमतीपत्र मागतात. याउलट, लालबागच्या गर्दीच्या विहंगम फोटोत दहा हजार डोकी असतील तर त्यातल्या प्रत्येकाची सही कोणी मागत नाही. मात्र त्याच फोटोतला एक चेहरा कापून मोठा केला, की तो पुन्हा एका व्यक्तीचा फोटो होतो.

बातमीतला फोटो, पण चुकीच्या जागी

संपादकीय वापराला सही लागत नाही, याचा अर्थ तो वाटेल तसा करता येतो असा नाही. डिसेंबर २०२० मध्ये पंजाब भाजपने शेतमालाच्या हमीभावाबाबतच्या प्रचारात एका हसऱ्या शेतकऱ्याचा फोटो वापरला. तो शेतकरी त्या वेळी सिंघू सीमेवर कृषी कायद्यांविरोधातल्याच आंदोलनात बसला होता. त्याने कायदेशीर नोटीस पाठवली. चेहरा खरा, फोटो खरा, पण त्याच्या तोंडी घातलेले मत त्याचे नव्हते.

वृत्तपत्रांनीही इथे आरशात पाहायला हरकत नाही. व्यसनाधीनता, कर्जबाजारीपणा, मानसिक आजार, देहविक्रय अशा विषयांच्या बातमीसोबत संग्रहातला कुठला तरी रस्त्यावरचा चेहरा लावण्याची सवय सगळ्यांनाच आहे. खाली बारीक अक्षरात ‘संग्रहित छायाचित्र’ लिहिल्याने सुटका होत नाही. त्या बातमीशी संबंध नसलेल्या माणसाची त्यातून बदनामी होत असेल, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ लागू शकते आणि दिवाणी भरपाईचा दावा वेगळाच. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणारा फोटो हा तर थेट गुन्हा आहे.

कला म्हणून भिंतीवर टांगला तर?

जाहिरात आणि बातमी यांच्यामधला सगळ्यात धूसर पट्टा म्हणजे प्रदर्शन, कलापुस्तक आणि मर्यादित प्रतींची विक्री. रस्त्यावरचे जीवन टिपणारे छायाचित्रकार इथेच अडखळतात. पुण्याच्या बालगंधर्व कलादालनात वारीचे प्रदर्शन भरवले, आपल्या त्या आजीचा मोठा प्रिंट फ्रेम करून लावला आणि खाली किंमत लिहिली, तर तिची सही हवी का?

न्यूयॉर्कमध्ये याचे उत्तर एका गाजलेल्या खटल्यात मिळाले. तिथला कायदाच मुळी एका फोटोतून जन्मला. एका तरुणीचा फोटो पिठाच्या जाहिरातीच्या सुमारे २५ हजार पत्रकांवर तिला न विचारता छापला गेला होता, आणि १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा तक्रारीला कायद्यात आधारच नाही असे म्हटले. त्यावर इतका गदारोळ झाला की पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा केला : जाहिरात किंवा व्यापारासाठी कोणाचे नाव वा चित्र वापरायचे तर लेखी संमती हवी. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या संमतीपत्रांमागे असलेली ‘लेखी’ची अट अशी शंभर-सव्वाशे वर्षांची जुनी आहे.

जवळपास एका शतकानंतर फिलिप-लॉर्का डिकोर्सिया या छायाचित्रकाराने टाइम्स स्क्वेअरमध्ये प्रकाशयोजना लपवून, दुरून, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे टिपले. २००१ मध्ये प्रदर्शन झाले, प्रत्येक छायाचित्राच्या दहा प्रती काढल्या गेल्या आणि त्या २० ते ३० हजार डॉलरना विकल्या गेल्या. त्यातल्या एका सनातनी ज्यू वृद्धाने दावा लावला. आपल्या धर्मश्रद्धेत प्रतिमा करणे बसत नाही, असेही त्याचे म्हणणे होते. २००६ मध्ये न्यायालयाने ही कला आहे, व्यापार नव्हे, असे सांगून दावा फेटाळला. प्रती महाग विकल्या गेल्या म्हणून कलेची जाहिरात होत नाही, हा त्यातला मुद्दा. पुढे वरच्या न्यायालयानेही दावा नाकारला, मात्र तो मुदतीबाहेर लावल्याच्या कारणाने.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये नेमका उलटा निकाल दिला होता. मॉन्ट्रियलमध्ये एका इमारतीच्या पायऱ्यांवर बसलेल्या १७ वर्षांच्या मुलीचा फोटो कलाविषयक मासिकात छापला गेला होता. अंकाच्या जेमतेम ७२२ प्रती खपल्या. फोटोत काही आक्षेपार्ह नव्हते. वर्गातली मुले हसली, एवढाच तिचा त्रास. तरीही क्युबेकच्या कायद्यानुसार तिच्या खासगीपणाचा भंग झाला असे ठरवून दोन हजार डॉलर भरपाई देण्यात आली. गर्दीचा भाग म्हणून किंवा सार्वजनिक घटनेत दिसलेली व्यक्ती वेगळी, आणि फोटोचा मुख्य विषयच असलेली अनोळखी व्यक्ती वेगळी, असा भेद त्या न्यायालयाने केला. फ्रान्समध्येही ‘स्वतःच्या प्रतिमेवरचा हक्क’ बराच कडक आहे. म्हणजे मुंबईत काढलेला तोच प्रिंट न्यूयॉर्कच्या भिंतीवर निर्धास्त आणि पॅरिसच्या भिंतीवर जोखमीचा, असे होऊ शकते.

भारतात काय आधार?

भारतात ‘मॉडेल रिलीज’ असा शब्द कोणत्याही कायद्यात नाही. आधार शोधावा लागतो तो खासगीपणाच्या हक्कात. १९९४च्या आर. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य (ऑटो शंकर प्रकरण) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाचा भंग कसा होतो हे सांगताना पहिलेच उदाहरण दिले ते व्यक्तीचे नाव वा प्रतिमा संमतीविना जाहिरातीसाठी किंवा अन्य हेतूने वापरण्याचे. ‘किंवा अन्य हेतूने’ या शब्दांची व्याप्ती मोठी आहे. त्याच निकालाने सार्वजनिक दस्तऐवजांत नमूद बाबी आणि सार्वजनिक पदावरील व्यक्तीचे कामकाज यांना मोकळीकही दिली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, न्या. संजय किशन कौल यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात स्वतःच्या प्रतिमेवर आणि तिच्या व्यापारी वापरावर व्यक्तीचे नियंत्रण असले पाहिजे, असे म्हटले.

प्रत्यक्षात हे हक्क आजवर गाजवले ते प्रामुख्याने तारे-तारकांनी. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये अमिताभ आणि जया बच्चन यांची छबी असलेला फलक उचलणाऱ्या सराफाला रोखले, २०२३ मध्ये अनिल कपूर यांना संरक्षण दिले. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या कृत्रिम नकलांना मनाई केली. या निकालांत चेहऱ्याची बाजारातली किंमत हा मुद्दा मध्यवर्ती होता. ज्याच्या चेहऱ्याला अशी किंमत नाही, त्या बाईने काय सांगायचे? तिचे नुकसान पैशांत मोजता येत नाही, आणि वकील गाठणेही सोपे नसते. म्हणून गावातल्या महिलेची ती याचिका ताऱ्यांच्या दहा निकालांपेक्षा छायाचित्रकारांनी जास्त लक्षपूर्वक वाचावी अशी आहे.

लग्नाचा अल्बम आणि स्टुडिओची काच

तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओच्या काचेत नवरीचे, बारशाचे, पासपोर्टसाठी आलेल्या देखण्या पोरांचे फोटो लावण्याची जुनी रीत. त्यावरून भांडणेही जुनीच : ठरलेल्या सोयरिकीच्या घरून कुणी तरी बाजाराला येते, काचेत मुलगी दिसते आणि घरी बोलणी खावी लागतात. आता काचेची जागा इन्स्टाग्रामने घेतली आहे, एवढाच बदल.

इथे कायदा छायाचित्रकाराला अनपेक्षित धक्का देतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार कोणी मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला असेल, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला मालक पैसे देणारा ग्राहक असतो. म्हणजे लग्नाचे फोटो वधू-वरांकडच्या ज्याने काम दिले त्याचे, काढणाऱ्याचे नव्हेत. ते आपल्या पानावर नमुना म्हणून टाकणे, स्पर्धेला पाठवणे, प्री-वेडिंगचा फोटो साडीच्या दुकानाला देणे, या सगळ्याला दोन परवानग्या लागतात : मालक म्हणून ग्राहकाची आणि चेहरा म्हणून फोटोतल्यांची. छायाचित्रकाराचा कर्ता म्हणून नाव मिळण्याचा नैतिक हक्क कलम ५७ नुसार शाबूत राहतो, पण तेवढाच. पावतीच्या मागे ‘फोटो प्रसिद्धीसाठी वापरण्याचा हक्क स्टुडिओकडे राहील’ असे छापलेले वाक्य पुरेसे नाही. आगाऊ रक्कम घेतानाच दोन ओळी स्वतंत्रपणे लिहून, समजावून, सही घेतली तर पुढचा वाद टळतो. नवरीची मावशी, करवल्या, आचारी यांनी काही करार केलेला नसतो, हेही विसरू नये.

इमारत, पुतळा, भिंत

माणसांइतकीच विचारणा वास्तूंबाबत होते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ ने इथे बरीच मोकळीक ठेवली आहे. इमारतीचा फोटो काढणे आणि प्रसिद्ध करणे हा हक्कभंग नाही. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी बसवलेल्या शिल्पाचाही नाही. पण या सवलतीत चित्रे येत नाहीत. त्यामुळे रस्त्यावरच्या भित्तिचित्राचा फोटो जाहिरातीत वापरणे अडचणीचे ठरू शकते. माहीममधील ‘ह्युमॅनिटी’ या भित्तिचित्राचा वापर एका विमा कंपनीने जाहिरात मोहिमेत केल्यावरून वाद झाला, तेव्हा २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच्या समाजमाध्यमांवरील नोंदी काढण्याचा अंतरिम आदेश दिला.

व्यापारचिन्ह ही आणखी वेगळी गोष्ट. मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलने २०१७ मध्ये आपल्या वास्तूची प्रतिमा व्यापारचिन्ह म्हणून नोंदवली. देशात अशी नोंद झालेली ती पहिली इमारत. गेटवेवर उभे राहून फोटो काढणाऱ्या पर्यटकाला त्याचे काही नाही. ती प्रतिमा मगवर, टी-शर्टवर छापून विकणाऱ्याला आहे. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत साध्या फोटोला २०१८ पासून बहुतेक ठिकाणी मुभा आहे. अजिंठ्याची लेणी, ताजमहालातील कबरीचा अंतर्भाग आणि लेहचा राजवाडा त्यातून वगळले होते. व्यावसायिक चित्रीकरणाला मात्र खात्याची आणि रेल्वे स्थानकात रेल्वेची परवानगी लागते.

महाराष्ट्रात सर्रास दुर्लक्षिला जाणारा एक जुना कायदाही आहे. बोधचिन्हे व नावे (अनुचित वापर प्रतिबंध) कायदा, १९५० च्या परिशिष्टानुसार छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी आणि पंतप्रधान यांच्या नावाचा वा चित्राचा व्यापारी वापर केंद्र सरकारच्या परवानगीविना करता येत नाही. अपवाद फक्त दिनदर्शिकेचा, तोही तिच्यावर केवळ उत्पादक आणि मुद्रकाचे नाव असेल आणि ती मालाच्या जाहिरातीसाठी नसेल तर. किराणा दुकानांतून वाटल्या जाणाऱ्या किती दिनदर्शिका या कसोटीला उतरतात, ते भिंतीकडे पाहून वाचकांनीच ठरवावे.

मुलांची सही चालत नाही

भारतीय करार कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबी प्रकरणात ते पक्के केले. त्यामुळे सतरा वर्षांच्या मॉडेलने कितीही आनंदाने सही केली तरी ती उपयोगाची नाही, आई, वडील किंवा कायदेशीर पालकाचीच हवी. शाळेच्या स्नेहसंमेलनात शिक्षकाने ‘काढा हो’ म्हणणे ही पालकांची संमती नव्हे. बालन्याय कायद्याच्या कलम ७४ आणि पॉक्सोच्या कलम २३ खाली येणाऱ्या मुलांची ओळख पटेल असा फोटो प्रसिद्ध करण्यावर थेट बंदी आहे, आणि ती उठवण्याचा अधिकार पालकांना नव्हे, तर ठरावीक परिस्थितीत न्यायालय किंवा मंडळाला आहे. निरीक्षणगृह, आश्रय संस्था इथे ‘सामाजिक’ फोटोमालिका करू पाहणाऱ्यांनी हे आधी वाचलेले बरे.

कागदावर काय हवे?

चांगल्या संमतीपत्राला पाच पाने लागत नाहीत. फोटो कोणाचा, कोणी, कधी आणि कुठे काढला, तो कशा प्रकारच्या कामासाठी वापरला जाईल, जाहिरातीसाठी का, विक्रीसाठी का, कशासाठी वापरला जाणार नाही (आजार, दारू, राजकारण हे विषय वगळायला सांगण्याचा अधिकार लोकांना असतो हे त्यांना सांगावे लागते), किती काळ आणि कोणत्या देशांत, मोबदला किती, फोटोत फेरफार होतील का, आणि आता नव्याने, कृत्रिम प्रज्ञेच्या प्रशिक्षणासाठी तो दिला जाईल का. साक्षीदाराची सही हवी आणि कागदाची एक प्रत फोटोतल्या माणसाच्या हाती हवी. ही शेवटची गोष्ट जवळजवळ कोणीच करत नाही.

मोबदला नाममात्र असला तरी लिहावा, कारण मोबदल्याविना केलेला करार आपल्याकडे सहसा टिकत नाही. पण फोटो लाखोंच्या मोहिमेत जाणार हे ठाऊक असताना शंभराची नोट टेकवून ‘सर्व हक्क कायमचे’ लिहून घेणे कागदावर कायदेशीर दिसले तरी ती लबाडीच. दोन्ही पक्षांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य करणे हा कराराचा पाया आहे. शेतात खुरपणी करणाऱ्या बाईपुढे इंग्रजी छापील अर्ज धरून अंगठा उमटवून घेतला, तर तिने नेमके काय मान्य केले, हे छायाचित्रकाराला उद्या सिद्ध करावे लागेल. लिहिता न येणाऱ्याचा अंगठा कायद्याला चालतो. पण तो घेण्याआधी मजकूर तिच्या भाषेत, तिच्या ओळखीच्या साक्षीदारासमोर वाचून दाखवल्याची नोंद त्याच कागदावर असावी.

नवा विदा कायदा आणि जुन्या हार्ड डिस्क

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमतीविषयीच्या मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत देण्यात आली. ओळखू येणारा डिजिटल फोटो हीदेखील वैयक्तिक विदा. घरगुती वापरासाठी काढलेल्या फोटोंना कायदा लागू नाही, तसेच व्यक्तीने स्वतःच जाहीर केलेल्या विदेलाही नाही. मात्र धंदा म्हणून फोटो साठवणारा, विकणारा स्टुडिओ त्याच्या कक्षेत येतो. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि निःसंदिग्ध हवी, म्हणजे ‘सर्व कामांसाठी’ अशी मोघम सही पुरणार नाही. मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. त्याबाबतच्या कसुरीला कमाल दंड २०० कोटी रुपयांपर्यंत आहे. पत्रकारितेला या कायद्यात स्वतंत्र सवलत नाही, याबद्दल एडिटर्स गिल्डने चिंता व्यक्त केली आहे.

छायाचित्रकारांना सर्वांत अवघड जाईल ती संमती मागे घेण्याची तरतूद. दिली तितक्याच सहजतेने ती मागे घेता आली पाहिजे, असे कायदा म्हणतो. मागे घेण्यापूर्वी झालेला वापर बेकायदा ठरत नाही. छापून वाटलेल्या दिनदर्शिका परत गोळा कराव्या लागणार नाहीत. पण पुढची विक्री थांबवावी लागेल, आणि त्यासाठी कोणता फोटो कोणाचा, त्याचे संमतीपत्र कुठे आणि तो कोणाकोणाला दिला, याची नोंद हवी. हार्ड डिस्कवर ‘वारी २०१९’ नावाचा फोल्डर आणि त्यात चार हजार फायली, ही नोंद नव्हे. आणि संमती मागणारा मजकूर इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय समोरच्याला देणे कायद्याने बंधनकारक केले आहे. त्या भाषांत मराठी आहे.